करणाऱ्यांचे तास : घरातल्या शुश्रूषेच्या अभ्यासाची प्रस्तावना

भिलाईवर लिहायला बसले की लेखणी आपोआप झोतभट्टीकडे वळते. 1955 च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी पोलाद कारखान्याचा करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेल्या तरुणांनी आपापली बोली, आपापली लोणची आणि आपापले देव घेऊन सेक्टरांमध्ये बिऱ्हाडे थाटली. गोंदिया-भंडारा-नागपूरकडची मराठी मंडळी त्यांत होतीच. रायपूर, दुर्ग, राजनांदगाव भागातली काही मराठी घराणी तर नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या मुलखात नांदत होती. त्या पहिल्या फळीतले जे आज हयात आहेत ते नव्वदीकडे झुकले आहेत. त्यांच्या मागून सत्तरच्या दशकात भरती झालेल्यांतल्या बहुतेकांनीही सत्तरी ओलांडली. त्यांच्या कारखान्यावर आणि संपांवर पुष्कळ लिहिले गेले. त्यांतल्या कितीकांनी आता अंथरूण धरले आहे. त्यांचे कोण करते, आणि करणाऱ्याला कोण बघते, हा प्रश्न मात्र घरच्या घरात राहिला.

पुढची पाने त्या प्रश्नासाठी आहेत. घरातल्या आजारी, अपंग किंवा वयाने थकलेल्या माणसाचे पगार न घेता करणारे आप्त, आणि त्यांना हाताच्या अंतरावर मिळू शकणारा आधार, एवढाच हा विषय. ऐकायला लहान वाटतो. आत शिरले की त्यात वैद्यक येते, कायदा येतो, घराचा हिशेब येतो आणि सुनेला गृहीत धरण्याची जुनी खोडही येते. वाचकांनी यामुळे बिचकू नये. या क्षेत्रात अभ्यासाच्या दाराने येणारे थोडेच असतात. सासऱ्यांना पहाटे अर्धांगाचा झटका येतो, तीन वर्षांचा मुलगा हाकेला ओ देत नाही म्हणून डॉक्टरकडे न्यावे लागते, आणि माणूस या क्षेत्रात येऊन पडतो. आपण एखाद्या क्षेत्रात आहोत हे त्याच्या ध्यानीमनीही नसते. तुम्ही अशांपैकी असाल तर या विषयाची निम्मी विद्या तुमच्यापाशी आधीच आहे. नसाल, तर तुमच्याच गल्लीत असे एक घर नक्की आहे.

अभ्यासाला सुरुवात कुठून करावी असे कोणी विचारले तर मी पावर हाउस सांगेन. हावडा-मुंबई लोहमार्गावरचे हे स्टेशन, त्याच्या जोडीने धावणारा जी. ई. रोड, जवाहर मार्केटची गर्दी, पलीकडे कॅम्प, छावणी आणि नंदिनी रोड. रुळांच्या एका अंगाला कारखान्याची आखीव वसाहत आहे. दुसऱ्या अंगाला, कारखान्याने ज्यांना क्वार्टर दिले नाही त्यांनी स्वतः वसवलेले गाव. कारखान्याच्या कायम कामगाराच्या घरी सेक्टर 9 चे जवाहरलाल नेहरू रुग्णालय हक्काचे असते. ठेक्यावर काम करणाऱ्याच्या घरी सुपेल्याचे लाल बहादूर शास्त्री शासकीय रुग्णालय किंवा दुर्गचे जिल्हा रुग्णालय, आणि त्याआधी गल्लीतला डॉक्टर. अर्धांगाचा झटका दोन्हीकडे सारखाच येतो, पुढचे सहा महिने मात्र सारखे जात नाहीत. हा फरक पाहायला पावर हाउसइतकी सोयीची जागा भिलाईत दुसरी नाही, कारण इथे दोन्ही भिलाई एकाच ऑटोत बसतात.

तरी सेक्टरातली घरे सुखात आहेत अशी समजूत करून घेऊ नका. निवृत्तीनंतर क्वार्टर सुटते. माणसे स्मृतीनगर, वैशालीनगर, रिसालीकडे घर बांधतात, मुले शिकून पुण्या-हैदराबादला जातात, आणि मग म्हातारी म्हाताऱ्याचे करते. तिचे स्वतःचे गुडघे गेलेले असतात. कॅम्पातल्या घरात करायला निदान चार हात असतात, पैसा नसतो. एकीकडे औषध आहे आणि माणूस नाही, दुसरीकडे माणूस आहे आणि औषध नाही. हे वाटप अगदी काटेकोर नाही, पण वाचताना ते मनात असू द्यावे.

आता पद्धतीविषयी. सेवांची माहिती गोळा करायला निघालात की योजना, हेल्पलाइन, प्रमाणपत्रे यांचा ढीग समोर येतो आणि त्यात माणूस हरवतो. माझा आग्रह एकच आहे. प्रत्येक सेवेला विचारावे, की तुझ्यामुळे करणाऱ्याचे किती तास मोकळे झाले? या एका प्रश्नाने पुष्कळ धुके निवळते. सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न न पाहता, आयुष्मान योजनेत 29 ऑक्टोबर 2024 पासून वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार मिळू लागले. योजना मोठी आहे, गरजेची आहे. पण ती रुग्णालयात भरती झाल्यावर लागू होते, आणि भरती म्हणजे घरचे एक माणूस दिवसरात्र खाटेपाशी. पैसे वाचतात, तास वाढतात. उलट, लघवीची नळी बदलायला घरी येणारी एखादी नर्स कुठल्या मोठ्या योजनेच्या जाहिरातीत दिसत नाही, पण तिच्या एका फेरीने घरचा अर्धा दिवस, ऑटोचे भाडे आणि रुग्णाची ओढाताण वाचते.

तास कशात जातात हे जवळून पाहिल्याखेरीज हा प्रश्न नीट विचारता येणार नाही, म्हणून एक काम इथेच पाहू. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडापाशी आणि टाचांना जखमा होतात. नवखे माणूस काखेत हात घालून ओढते. त्यात रुग्णाची कातडी चादरीवर घासते आणि ओढणाऱ्याची कंबर धरते. जाणती नर्स वेगळे शिकवते. एक जाड चादर आडवी दुमडून खांद्यापासून मांड्यांपर्यंत येईल अशी अंगाखाली कायमची घालून ठेवायची. पलीकडचा गुडघा उभा करायचा, पलीकडचा हात छातीवर घ्यायचा, चादरीची पलीकडची कड मुठीत धरायची, आणि स्वतःचा एक पाय मागे टाकून कमरेने न ओढता अंगाच्या वजनाने आपल्याकडे घ्यायचे. पाठीशी उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाच अधांतरी. भरवताना पाठ उभी, हनुवटी किंचित खाली. शिकायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास कोणी दिला नाही म्हणून कितीतरी बायका वर्षानुवर्षे कंबरेला पट्टा बांधून हिंडतात. डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या लिहिलेल्या असतात, दुमडलेली चादर लिहिलेली नसते.

देशभराचा हिशेब हवा असेल तर राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची वेळ-वापर पाहणी वाचावी. 2024 च्या पाहणीत 15 ते 59 वयाच्या 41 टक्के स्त्रिया घरातल्या माणसांच्या देखभालीत गुंतलेल्या आढळल्या, आणि त्या दिवसाला सरासरी 140 मिनिटे त्यात घालवत होत्या; पुरुषांचे आकडे 21.4 टक्के आणि 74 मिनिटे. यात मुलांचे संगोपनही आले, हे ध्यानात ठेवावे. ही पाहणी पहाटे 4 पासून दुसऱ्या दिवशीच्या पहाटे 4 पर्यंतचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासांत नोंदवते. पद्धत चांगली आहे. तरीही शेजारच्या खाटेवरच्या श्वासाकडे कान ठेवून काढलेली रात्र तिथे झोप म्हणूनच जमा होणार.

या विषयाला स्वतःचा इतिहास आहे आणि त्यात आपल्या देशाचा वाटा मानाचा आहे. मनोरुग्णांना घरापासून तोडून कोंडून ठेवण्याची चाल सर्वत्र असताना, 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातलगांनाच आवारात तंबू ठोकून राहायला बोलावले. उपचार पाहता पाहता घरचे शिकले, आणि रुग्ण लवकर घरी जाऊ लागले. वेल्लोरच्या रुग्णालयानेही त्याच दशकात ही वाट धरली. इंग्लंडमध्ये आईवडिलांसाठी आपले काम सोडावे लागलेल्या मेरी वेब्स्टर या धर्मोपदेशिकेने 1963 मध्ये वर्तमानपत्रांना पत्रे लिहिली. तिच्यासारख्या अविवाहित मुलींच्या उत्तरांचा पाऊस पडला आणि 1965 मध्ये त्यांची संघटना उभी राहिली. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचाव्यात. आपल्याकडे कुटुंबाला उपचारात सामील केले गेले, पण ते रुग्णासाठी. करणाऱ्या मुलीचे स्वतःचे काय, तिची नोकरी, तिचे म्हातारपण, हा प्रश्न तिथल्या पत्रांनी विचारला. आपण तो अजून पुरता विचारलेला नाही.

मराठीत मात्र त्याची सुरुवात झाली आहे. कॅनडात प्राध्यापकी करणाऱ्या डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पत्नीच्या आजारपणाच्या अनुभवातून पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. 2004 चा ‘देवराई’ हा चित्रपट त्याच धडपडीशी जोडलेला आहे. 1986 मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनी माणसांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ हा वेगळा गट चालतो, कारण नवऱ्याची दारू सुटली तरी बायकोची धास्ती सुटत नाही, हे तिथे लवकर ओळखले गेले. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ, ठाण्याची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था, असे गट जिथे जिथे आहेत तिथे रुग्णाला शुभार्थी आणि त्याचे करणाऱ्याला शुभंकर म्हणतात. पुढच्या पानांत हे दोन शब्द येतील. तुम्हाला ते जरा सोवळे वाटले तर ‘आमच्याकडे करणारी मीच’ हा घरगुती प्रयोगही चालेल. अर्थ तोच आहे.

भिलाईला असे गट परके वाटायचे कारण नाही. या भागाला स्वतःच्या हाताने आरोग्यव्यवस्था उभारायची सवय आहे, आणि त्याचा आम्हा इथल्या लोकांना थोडा अभिमानही आहे. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणकामगारांनी 1983 मध्ये शहीद रुग्णालय उभारले, तेही वर्गणीतून आणि अंगमेहनतीने. संघटना कामगार नेते शंकर गुहा नियोगींची. त्यांच्यासोबत आलेल्या डॉक्टरांनी खाणीतल्याच माणसांना आरोग्य कार्यकर्ते म्हणून तयार केले. नियोगींची हत्या 1991 मध्ये भिलाईत झाली आणि 1 जुलै 1992 रोजी पावर हाउस स्टेशनात त्यांच्या चळवळीच्या कामगारांवर गोळीबार झाला. स्टेशनाचे नाव लोकांना त्या दिवसामुळे ठाऊक असते. त्याच चळवळीने दवाखाना चालवून दाखवला, ही आठवण त्यामानाने फिकी पडली आहे. आपल्या विषयाला ती जास्त उपयोगाची.

दुसरा वारसा मितानिनचा, म्हणजे वस्तीतल्याच आरोग्य कार्यकर्तीचा. छत्तीसगड राज्य 1 नोव्हेंबर 2000 रोजी झाले आणि 2002 मध्ये मितानिन कार्यक्रम सुरू झाला. देशभर आशा कार्यकर्त्या आल्या त्या यानंतर. आज राज्यात सुमारे 70 हजार मितानिन आहेत. त्यांचे ठरलेले काम गरोदर बाई, बाळ, लस, ताप यांचे. पण कोणत्या घरात कोण अंथरुणावर आहे हे वस्तीत त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. कॅम्पात राहणाऱ्या वाचकांनी कार्यालयाचा उंबरा झिजवण्याआधी आपल्या मितानिनला गाठावे. कुठला कागद कोणत्या दिवशी, कोणत्या खिडकीवर, हे तिला पाठ असते.

कायद्याच्या वाटेला लागताना थोडे सावध असावे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीचा 2007 चा कायदा मुलांवर जबाबदारी टाकतो. ती पार पाडणाऱ्याला हात देण्याविषयी तो जवळपास गप्प आहे. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा पुढे गेला. ज्यांना मोठ्या प्रमाणात आधार लागतो अशा दिव्यांगांना देखभाल करणाऱ्यासाठी भत्ता देण्याची तरतूद त्याच्या कलम 24 मध्ये आहे, पण ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ ही पाचर मारूनच. केरळने आश्वासकिरणम् योजनेत अंथरुणावरच्या माणसाचे करणाऱ्याला दरमहा भत्ता द्यायला सुरुवात केली. रक्कम तुटपुंजी आहे. तरी पैसे करणाऱ्याच्या नावावर गेले, ही गोष्ट मला रकमेपेक्षा मोठी वाटते. याच 2016 च्या कायद्याने दिव्यांगत्वाच्या 21 प्रकारांत सिकलसेलचा समावेश केला. छत्तीसगडमध्ये हा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि दुखण्याची कळ आली की मुलाची शाळा बुडते, तशी आईची मजुरीही बुडते. अशा घरांनी प्रमाणपत्राची चौकशी जरूर करावी. ‘पोर चालते-फिरते, मग अपंग कसे’ म्हणून बरेच जण मागे राहतात.

एका गोष्टीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण ती न कळल्याने फार माणसे अडतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविध अक्षमता असलेले मूल 18 वर्षांचे झाले की आईवडील कायद्याने त्याचे पालक राहत नाहीत. मूल तेच असते, घास भरवणारा हात तोच असतो. पण बँकेत, मालमत्तेच्या व्यवहारात, भरतीच्या कागदावर सही कोणाची, हा प्रश्न उभा राहतो. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती नेमली आहे. तीत एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. तिच्याकडे अर्ज करून पालकत्व मिळवता येते, आणि आईवडिलांनंतर ते कोणाकडे जावे याचा विचारही तिथे मांडता येतो. याच न्यासाची ‘निरामय’ ही वर्षाला 1 लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, आणि तीत आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही. ‘समर्थ’ ही थोड्या दिवसांच्या निवासाची योजना, म्हणजे करणाऱ्याला सवड देणारी, आता ‘घरौंदा’ या कायम निवासाच्या योजनेशी जोडली गेली आहे. तिचे केंद्र आपल्या आसपास आज चालू आहे का, हे प्रत्यक्ष विचारून घ्यावे. कागदावरचे केंद्र आणि उघडे केंद्र यांत अंतर असू शकते. राजनांदगावचे दिव्यांगांसाठीचे संयुक्त क्षेत्रीय केंद्र भिलाईहून दिवसात जाऊन येण्याजोगे आहे, आणि मुलांच्या थेरपीसाठी ते माहीत असावे.

मानसिक आजाराच्या घरांची वाट याहून एकाकी असते. राज्याचे मनोरुग्णालय बिलासपूरजवळ सेंदरीला आहे, म्हणजे भिलाईकरांना तो पूर्ण दिवसाचा प्रवास. टेली मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. तिथे शुभार्थीनेच बोलले पाहिजे असे नाही, रात्री दोनला घाबरलेल्या बहिणीनेही फोन करावा. ज्येष्ठांसाठी 14567 आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडता येतो. माणूस बरा असतानाच हे बोलून लिहून ठेवले, तर पुढचे कितीतरी वाद टळतात.

आणि शेजाऱ्यांचे काय? कोळिकोडला 1993 मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेने पुढे गल्लीगल्लीतले स्वयंसेवक उभे केले. आठवड्यातले दोन-तीन तास देणारी साधी माणसे, शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी. 2008 मध्ये केरळ सरकारने त्यावर धोरण केले. आमच्या भिलाईत गणपतीचे दहा दिवस मांडवात रात्रीची ड्यूटी कोणाची, प्रसादाची कोणाची, याच्या याद्या मंडळे न चुकता लावतात. कारखान्याच्या गावाला शिफ्ट लावणे शिकवावे लागत नाही. त्याच यादीत मंगळवारी दुपारी अमक्या काकूंच्या घरी तीन तास कोण बसेल, असा एक रकाना वाढवायला सरकारी मंजुरी लागत नाही. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी हे प्रकरण वाचताना मनाला लावून घेऊ नये, पण वाचावे.

वाचण्याचा क्रम तुमच्या घरावर सोडला आहे. घरात 18 कडे आलेले मूल असेल तर पालकत्वाचे प्रकरण आधी घ्या, कारण त्या कामाला वेळ लागतो. अंथरुणावरचे माणूस असेल तर चादर, उशा आणि भरवण्याची पाने आधी. कायदा आठवडाभर थांबेल. नोकरी करणाऱ्यांनी रजा, बदली आणि प्राप्तिकराचा भाग चाळावा. जुन्या करप्रणालीत आपल्यावर अवलंबून असलेल्या दिव्यांग आप्तासाठी 75 हजारांची, तीव्र दिव्यांगत्व असेल तर 1 लाख 25 हजारांची वजावट मिळते, आणि तिच्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. जे अभ्यासासाठी आले आहेत त्यांनी इतिहासापासून निघावे, मात्र मध्ये एकदा पावर हाउसला उतरून कॅम्पातल्या एखाद्या घरी, बोलावले तर, दुपारभर बसून यावे. प्रकरणे मुद्दाम लहान ठेवली आहेत. रुग्णाचे जेवण आटोपल्यापासून चहाच्या वेळेपर्यंत एक पुरे होते. मध्येच आतून हाक आली तर खुशाल उठा. परत आल्यावर मागचे पान पुन्हा वाचावे लागू नये अशी मांडणी केली आहे.